शाळेचे दार आणि आपली पोरे

(पालकांच्या सभेतील भाषण)



बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यापाशी 16व्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी विद्यालय उभारले. आजही अंधेरी-बोरिवलीकडे चर्चच्या आवारात शाळा भरते. तेथे सुताराचे, कोळ्याचे पोरही शिकले, हा गुण आम्ही मोकळ्या मनाने मानतो.

पण एक गोष्ट ध्यानात धरा. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत शेकडा 25 जागा गरीब व वंचित मुलांसाठी राखल्या. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना यातून सूट दिली. म्हणजे कॅथॉलिक शाळेचे दार आपणांस उघडते ते हक्काने नव्हे, तिच्या मर्जीने. जोतीरावांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले, ते असे मर्जीचे दान म्हणून काय?

तेव्हा प्रवेशाचे अर्ज निघण्याआधी दोन कामे करा. पाद्रीसाहेबांस भेटा व गरिबांसाठी काही जागा आपण होऊन ठेवा, असे सांगा. आणि म्युनिसिपालिटीची शाळा ओस पडू देऊ नका. ती आपल्या हक्काची आहे. उसन्या बैलांवर एक पेरणी निभावते, जन्माची शेती नव्हे. आणि नाव घालताना मुलीचे आधी घाला!