दगड फोडणाऱ्या यंत्राची निगा



आपला गडचिरोली जिल्हा जंगलाचा. पण जंगलाखाली दगड आहे. एटापल्ली तालुक्यात सुरजागडला लोखंडाच्या दगडाची खाण आहे. ठिकठिकाणी रस्त्यांची नि विहिरींची कामे निघतात. तिथे पोकलेनच्या हाताला लावलेला ब्रेकर आपण पाहिला असेल. गावची पोरे त्यावर ऑपरेटर नि हेल्पर म्हणून जातात. म्हणून आज आम्ही या यंत्राविषयी सांगतो.

ब्रेकर म्हणजे घण आणि छिन्नी. जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९६७ साली तो बाजारात आणला. पूर्वी घण माणूस उचली, इथे तेल उचलते. पंपाने दाबलेले तेल नळीतून येते नि आतला दट्ट्या वर ढकलते. वरच्या कप्प्यात नायट्रोजन वायू कोंडलेला असतो. तो दबतो, मग स्प्रिंगसारखा उसळतो. दट्ट्या छिन्नीवर आपटतो नि दगड फुटतो.

आता निगा कशी ठेवावी?

बैलगाडीच्या आसाला वंगण लागते, तसे छिन्नीला ग्रीस लागते. साधारण दर दोन तासांनी द्यावे. आधी इंजिन बंद करावे. छिन्नी दगडावर उभी दाबलेली असावी, मगच ग्रीस भरावे. नाहीतर ग्रीस दट्ट्याखाली साचते नि आतली सीले फाटतात.

कुऱ्हाड हवेत मारली तर खांद्याला हिसका बसतो. तसेच छिन्नीखाली दगड नसता ठोका मारला, तर मार ब्रेकरलाच बसतो. बोल्ट तुटतात. एका जागी अर्ध्या मिनिटात दगड फुटला नाही, तर जागा बदलावी. कडेपासून आत यावे. छिन्नीने पहारीसारखा दगड उचकटू नये, ती मोडते.

बिघाड कसा ओळखावा? ठोका मंद झाला, तर तेल कमी आहे का, फार तापले आहे का, हे पाहावे. दोन्ही ठीक असेल, तर वायूचा दाब मेकॅनिककडून तपासून घ्यावा. ठोका मुळीच पडत नसेल, तर नळीचा कॉक बंद राहिला का ते आधी पाहावे. छिन्नीपाशी तेल गळत असेल, तर सील गेले समजावे.

आता जिवाची गोष्ट. नळीला बारीक भोक पडले, तर हाताने चाचपू नका. पुठ्ठा धरून पाहा. दाबाचे तेल सुईसारखे कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही. पण आत मांस सडते, हात कापावा लागतो. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावे. तेल शिरले आहे, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

दुसरे असे, की ब्रेकरमध्ये फक्त नायट्रोजनच भरतात. ऑक्सिजन भरला, तर तेलाशी मिळून स्फोट होतो. ऑक्सिजनची टाकी काळी, मान पांढरी. नायट्रोजनची करडी, मान काळी. पण धुळीत रंग कळत नाही. म्हणून टाकीवरचे नाव वाचावे. इंग्रजीत असेल, तर जाणत्याकडून वाचून घ्यावे. न वाचता टाकी जोडू देऊ नये.

अक्षर शिकलो ते याच कामाला, मंडळी. ज्याचा पोरगा यंत्रावर जातो, त्याने हा पाठ आज घरी मोठ्याने वाचून दाखवावा.