गाडी बंद केली, पण इंजिन अजून तापतंय!

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कानांनी ऐकलेला आहे. गाडी पार्क केली, चावी काढली, दार लॉक केलं आणि तरी बॉनेटखालून पंख्याचा घूंऽऽ असा आवाज येतोच आहे. मग कोणीतरी म्हणतं, "अरे, काहीतरी शॉर्ट झालंय, बॅटरी उतरेल, वायर काढ आधी!"

थांबा. वायर काढू नका. बहुतेक वेळा ती गाडी तेव्हा अगदी शहाण्यासारखी वागत असते. इंजिन बंद झालं म्हणजे उष्णता बंद झाली असं नसतं. उलट पहिली काही मिनिटं आतलं तापमान वाढतं. हे का होतं आणि त्या मिनिटांत आपण काय करावं, काय अजिबात करू नये, एवढंच आज बोलू.

आधी उष्णता किती असते ते बघू. ढोबळ हिशोब असा की पेट्रोल-डिझेलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा चाकांकडे जातो, तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि तिसरा हिस्सा इंजिनच्या धातूतून कूलंटमध्ये उतरतो. आता समजा, तुम्ही खोपोलीहून बोरघाट चढताय, गाडी भरलेली आहे, एसी चालू आहे आणि इंजिन 30 किलोवॅट ताकद देतंय. म्हणजे जवळपास तेवढीच उष्णता कूलंटला उचलून बाहेर टाकावी लागते. घरातला गीझर 2 किलोवॅटचा धरला, तर असे 15 गीझर एकदम चालू! आणि हे सगळं सांभाळतं कोण? छोट्या गाडीतलं जेमतेम पाचेक लिटर कूलंट, एक पंप आणि समोरचा रेडिएटर.

आता घाट संपला. लोणावळ्यात चिक्कीचं दुकान दिसलं, गाडी बाजूला घेतली आणि खटकन बंद केली. काय झालं? बहुतेक गाड्यांत कूलंटचा पंप इंजिनच्याच बेल्टवर फिरतो. इंजिन थांबलं की पंप थांबला. गाडी थांबली की रेडिएटरवर येणारा वाराही थांबला. पण सिलिंडर हेडचा धातू, एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड हे सगळं अजून कूलंटपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं. ती उष्णता जागच्या जागी उभ्या असलेल्या कूलंटमध्ये झिरपत राहते. चालत्या गाडीत 90-95 अंशांवर असलेलं कूलंट त्यामुळे काही अंश वर चढतं. इंग्रजीत याला 'हीट सोक' म्हणतात. गॅस बंद केल्यावरही तव्यावरची भाकरी करपते ना, तसलाच प्रकार.

म्हणूनच तो पंखा. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला यातला हा भाग सगळ्यात आवडतो. चावी काढली तरी गाडीचा कंप्युटर, म्हणजे ईसीयू, लगेच झोपत नाही. तो कूलंटचं तापमान बघतो आणि गरज असेल तर पंखा चालू ठेवतो. काही टर्बो गाड्यांत तर छोटा इलेक्ट्रिक पंपसुद्धा फिरवत ठेवतो. लॅपटॉपला 'शट डाउन' दिल्यावर तो आधी फायली नीट बंद करतो, मग झोपतो, तसंच हे. सगळ्या गाड्यांत ही सोय नसते. त्यामुळे तुमच्या गाडीत पंखा फिरत नसेल तर तोही बिघाड नाही.

बॅटरीचं काय? पंखा 15 अँपिअर खेचतो असं धरू. 10 मिनिटं चालला तर खर्च झाला अडीच अँपिअर-तास. छोट्या कारची बॅटरी 35-40 अँपिअर-तासांची असते. म्हणजे काळजीचं कारण नाही. पण पंखा अर्धा-पाऊण तास थांबतच नसेल, किंवा सकाळी थंड गाडीतही फिरत असेल, तर मात्र रिले किंवा सेन्सर अडकला असेल. मेकॅनिककडे न्या.

आता टर्बोवाल्यांनी कान टवकारा. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला थंड ठेवण्यात इंजिन ऑइलचा मोठा वाटा असतो. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केलं की ऑइलचा प्रवाह तुटतो. जे ऑइल आत अडकलं, ते भाजून काळा कडक थर बनतो. हे रोज होत राहिलं की बेअरिंगचं आयुष्य कमी होतं. उपाय फुकट आहे: शेवटचा एक-दोन किलोमीटर हळू चालवा, आणि जोरात चालवून आला असाल तर थांबल्यावर एखाद-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवा. गावात हळूहळू फिरून आलात तर एवढीही गरज नाही. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये याबद्दल काय लिहिलंय तेही एकदा वाचा.

बाईकवाले म्हणतील, आमचं काय? बुलेटसारखं एअर-कूल्ड इंजिन चालताना लागणाऱ्या वाऱ्यावर थंड होतं. गाडी थांबली की वारा थांबला. अ‍ॅक्टिवाच्या इंजिनला स्वतःचा पंखा असतो, पण तो इंजिनबरोबरच फिरतो आणि इंजिनबरोबरच थांबतो. म्हणून लांबून आल्यावर गाडी सावलीत, मोकळ्या हवेत उभी करा. ते टिक-टिक वाजणं म्हणजे गार होताना आकसणारा धातू, घाबरू नका. लगेच कव्हर टाकू नका, ते सायलेन्सरला चिकटून वितळतं. लगेच धुवायलाही घेऊ नका. लहान मुलं सायलेन्सरच्या बाजूने चढणार नाहीत हे बघा, त्या चटक्याचा डाग वर्षानुवर्षं राहतो. आणि कार असो की बाईक, वाळलेल्या गवतावर उभी करू नका. खालच्या गरम सायलेन्सरमुळे गवत पेटू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे एकच लक्षात राहिलं तरी चालेल: गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कूलंटची टाकी आणि रेडिएटर म्हणजे चक्क प्रेशर कुकर. झाकण साधारण 1 बार दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं कूलंट 110-115 अंशांवरही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब गेला. तेच कूलंट त्या क्षणी उकळतं, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. सगळं थेट तोंडावर आणि हातावर येतं. घरी शिट्टी झाल्यावर वाफ जाईपर्यंत आपण कुकरला हात लावत नाही, मग घाटात का लावायचा? आणि हीट सोकमुळे गाडी थांबल्यानंतरची पहिली मिनिटंच सगळ्यात धोक्याची असतात.

तर, घाटात काटा लालकडे जायला लागला तर काय करायचं?

एसी बंद करा, हीटर फुल्ल करा. घाम निघेल, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो. सुरक्षित जागा बघून कडेला घ्या, पार्किंग लाइट लावा. वाफ येत नसेल आणि कूलंट गळत नसेल, तर थोडा वेळ इंजिन चालू ठेवून काटा उतरतो का बघा. वाफ येत असेल, कूलंट सांडत असेल किंवा काटा उतरतच नसेल, तर लगेच बंद करा.

मग किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वाफ थांबल्यावरच बॉनेट उघडा. पंख्यापासून बोटं, ओढणी, मोकळे केस लांब ठेवा, कारण इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो. इंजिनवर गार पाणी ओतू नका. तापलेला धातू एका बाजूने एकदम आकसला की हेड वाकू शकतं, गॅस्केट जाऊ शकतं, आणि तो खर्च टो व्हॅनपेक्षा कितीतरी मोठा असतो. सगळं हाताला गार लागल्यावरच जाड फडकं धरून झाकण हळूहळू सैल करा.

शेजारून जाणारा कोणीतरी बाटली घेऊन येईल, "भाऊ, उघड पटकन, पाणी टाकू" म्हणेल. त्याला प्रेमाने सांगा, "दादा, आधी गार होऊ दे." बाटलीतलं पाणी तोवर तुम्ही दोघं प्या.

आजच्यापुरतं एवढंच. हा भाग तुमच्या ट्रिपच्या ग्रुपवर टाका, विशेषतः जो मित्र गाडी चालवणार आहे त्याला. तुमच्या गाडीचा पंखा बंद केल्यावर किती वेळ फिरतो, ते ऐकून कळवा. भेटू पुढच्या भागात. गाडी सांभाळून चालवा!