मुलींचा रक्तक्षय व शिक्षकाचे कर्तव्य

(सोलापूर जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात केलेले भाषण)



प्रथम माझ्याच हातून घडलेली चूक सांगतो. मी नवखा शिक्षक असताना सातवीच्या वर्गातील एक मुलगी दुपारच्या तासाला नेहमी मान टाकून बसे. मी तिला आळशी ठरविले व उभे राहण्याची शिक्षा केली. थोड्याच वेळात ती भोवळ येऊन पडली. डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून मला दाखविली. ती आतून पांढरीफटक होती. ती शिक्षा मला आजही बोचते.

असल्या मुली प्रत्येक वर्गात आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आढळला. बाराव्या वर्षापासून मुलीच्या १०० मिलिलिटर रक्तात निदान १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असावे लागते. वाढीचे वय व मासिक पाळी यांमुळे लोहाची गरज याच काळात वाढते. आणि घरोघरी मुलगी जेवते मात्र सर्वांच्या मागून. त्यात अनवाणी चालण्याने अंकुशकृमी शरीरात शिरतात व रक्त शोषतात.

शासनातर्फे १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यास एक निळी गोळी मिळते. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. रिकाम्या पोटी ती घेतल्यास मळमळते. मग गोळी बाधते अशी आवई उठते व गोळ्या खिडकीबाहेर जातात. म्हणून ती दुपारच्या आहारानंतर, आपल्या समक्ष द्यावी. शौचास काळे होईल, त्यात भय नाही, हेही आधीच सांगावे. जंतांची गोळी चुकवू देऊ नये.

पालकसभेत आहाराविषयी बोलावे. बाजरीची भाकरी, हुलगा, मटकी, हरभऱ्याचा पाला व तीळ आपल्या शिवारातच पिकतात. सोबत लिंबाची फोड किंवा पेरू असल्यास अन्नातील लोह अधिक अंगी लागते. जेवणाबरोबर घेतलेला चहा मात्र त्यास अडवितो. सांगोल्याचे डाळिंब लाल व रुचकर खरे, परंतु त्यात लोह थोडेच. रंगावरून रक्ताचा हिशेब करू नये.

ज्या मुलीस धाप लागते, चक्कर येते, जिची जीभ व नखे फिकी दिसतात, तिला गोळीवर न ठेवता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे व तिच्या आईस समक्ष भेटावे.

उद्या हजेरी घेताना नावाबरोबर चेहराही पाहावा, आणि मान टाकून बसलेल्या मुलीस रागे भरण्यापूर्वी ‘बाळ, आज जेवलीस का?’ एवढे विचारावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.