कार्ड पाठवलं होतं की!

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं, तसंच बरंचसं ठेवलं आहे.)

लोकलमध्ये असाल तर पाकीट सांभाळा, घरी भांडी घासत ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा. आजचा विषय, घरचा कार्यक्रम. बारसं, वाढदिवस, डोहाळजेवण, काहीही. हॉल नाही, केटरर नाही. आपलं वन रूम किचन आणि चाळीस माणसं.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. फजिती कसली, चूकच ती.

आमच्या मुलीचा पहिला वाढदिवस. महिनाभर आधीपासून तयारी. फुग्यांची कमान, तीन मजल्यांचा केक, स्पीकर. मोबाईलवर बसून मी स्वतः कार्ड बनवलं, तिचा फोटो टाकून, सोनेरी अक्षरात. सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅप केलं. कार्यक्रम झाला, फोटो झाले. रात्री खुर्च्या आवरताना आई म्हणाली, "अरे, समोरचे काका-काकी आलेच नाहीत."

समोरचे काका-काकी दोघंही अंध आहेत. आमच्या वांगणीत अशी बरीच कुटुंबं राहतात. कुणी लोकलमध्ये छोट्या वस्तू विकतं, कुणी नोकरीला जातं. आणि हे काका-काकी म्हणजे नुसते शेजारी नाहीत. बायकोच्या कळा सुरू झाल्या तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. रिक्षावाल्याला काकांनी फोन करून उठवलं, आणि आम्ही परत येईपर्यंत काकी आईजवळ बसून होत्या.

सकाळी गेलो. म्हटलं, "काका, काल आला नाहीत?"

काका म्हणाले, "अरे, तू बोलावलंस कुठे?"

"कार्ड पाठवलं होतं की!"

त्यांनी फोन काढला, माझा मेसेज शोधला, त्यावर बोट ठेवलं. फोन एकच शब्द बोलला. "फोटो."

काकी आतून म्हणाल्या, "गाण्यांचा आवाज येत होता. वाटलं, घरच्या घरीच ठेवलंय." रागावून नाही म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तुम्हाला तो व्हिडिओ आठवत असेल. १७ एप्रिल २०२१, वांगणी स्टेशन. अंध आईचा हात सुटून लहान मुलगा रुळावर पडला, समोरून गाडी येत होती, आणि पॉइंटमन मयूर शेळके धावत गेले, मुलाला वर ढकललं आणि स्वतः जेमतेम वर आले. रेल्वेने ५० हजारांचं बक्षीस दिलं, त्यातला अर्धा वाटा त्यांनी त्या मुलासाठी देऊ केला. तो व्हिडिओ मीही दहा ग्रुपवर टाकला होता, "आमची वांगणी" लिहून. आणि माझ्याच दारासमोरच्या माणसाला मी फोटो पाठवला.

तेव्हापासून माझं एक मत झालंय. कार्यक्रम चांगला झाला की नाही, हे सजावटीवर ठरत नाही. बोलावलेला माणूस निरोप मिळाल्यापासून घरी परत पोचेपर्यंत कुठे अडतो, हे यजमानाने आधी बघितलं का, त्यावर ठरतं. दुसऱ्या वाढदिवसाला आम्ही तसंच केलं. काय काय केलं ते सांगतो.

पहिलं, आमंत्रण. कार्ड हौसेने बनवा, पण त्याखाली सगळा मजकूर टाइप करा. कुणाचा कार्यक्रम, वार, वेळ, मजला, जवळची खूण. अंध माणसाचा फोन टाइप केलेलं वाचून दाखवतो; चित्रातली अक्षरं नीट वाचेलच असं नाही. इमोजी कमी टाका. तुम्ही दहा फुगे टाकले की फोन "फुगा, फुगा, फुगा" करत बसतो. आणि सर्वात सोपं म्हणजे व्हॉइस नोट. "काकी, समोरचा बोलतोय. रविवारी संध्याकाळी साडेपाचला आमच्याकडे या, मी सव्वापाचला घ्यायला येतो." वीस सेकंद लागतात. चष्मा सापडत नाही म्हणणाऱ्या आजीलाही हेच चालतं. आणि समोरच राहत असतील तर काय, दार वाजवा ना!

दुसरं, लोकल. मेनू ठरवायच्या आधी टाइमटेबल बघा. सीएसएमटीपासून वांगणी पावणेदोन तासांच्या आसपास. बदलापूरपर्यंत गाड्या बऱ्याच आहेत, पण आपल्याकडे यायचं तर कर्जत किंवा खोपोली लोकलच हवी. मुंबईच्या पाहुण्याला हे माहीत नसतं. तो "येईल दहा मिनिटांत दुसरी" म्हणून चहा पीत बसतो. पहिल्या वाढदिवसाला आमची लालबागची मंडळी मेगाब्लॉकमध्ये अडकली आणि केक कापून झाल्यावर पोचली. आता मी आमंत्रणातच लिहितो, अमुक वाजताची कर्जत लोकल पकडा, परतीची अमुक वाजता. रविवारचा ब्लॉक आदल्या दिवशी बघून कळवतो. परतीच्या गाडीच्या तासभर आधी पानं वाढायला घेतो. पाहुणा घड्याळ बघत जेवला, तर आपलं जेवण वाया गेलं.

पावसाळ्यात कार्यक्रम असेल तर जास्तच जपा. २०१९च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस इथेच, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती. हजाराच्या आसपास प्रवासी बाहेर काढावे लागले. उल्हास नदीचा भरवसा नाही. मुसळधार पाऊस लागला तर तारीख पुढे ढकला, कुणी रागावत नाही.

तिसरं, जेवण. इथे पटकन सांगतो. पुलावाला एक किलो तांदूळ साधारण दहा-बारा माणसांना पुरतो. पुऱ्या माणशी चार-पाच. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन-तीन जार. दोनच पदार्थ करा, पण गरम वाढा. भात करून दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. एकदा बिघडला की पुन्हा गरम करून उपयोग नसतो. उरेल असं वाटलं तर पाहुणे असतानाच डबे भरून द्या.

चौथं, वाढणं. ही गोष्ट मला काकींनी शिकवली. पहिल्या वर्षी आमच्याकडे बुफे होता, म्हणजे एका हातात हलणारी कागदी डिश आणि भोवती ढकलाढकली. मी काकींना विचारलं, "तुमच्यासाठी ताटात काय कुठे आहे ते सांगू का?" त्या हसल्या. "तुझी आजी वाढायची तसं वाढ, सांगावं लागणार नाही."

बघा ना, आपल्या पानाची जागा ठरलेलीच आहे. वर मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. समोर भात. डोळे मिटूनसुद्धा जेवता येतं! बुफेत आपण ते घालवून बसलो. मग आम्ही सतरंज्या टाकल्या आणि वीस-वीसच्या दोन पंगती बसवल्या. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची आणि स्टूल. खोली तीच, पण गर्दी वाटली नाही.

अंध पाहुणा आला तर त्याचा हात धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा, तो धरेल. जिना, उंबरठा आला की सांगा. आणि त्याच्या शेजारून उठताना "मी जरा आत जातोय" एवढं म्हणा. नाहीतर तो रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. स्पीकर बारीक ठेवा, त्याला माणसं आवाजावरूनच कळतात. तसाही रात्री दहानंतर बाहेर लाऊडस्पीकरला कायद्याने बंदी आहे.

पाचवं, घरातली बाई. पहिल्या वाढदिवसाच्या एकाही फोटोत माझी आई नाही. ती स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. दुसऱ्या वर्षी पुऱ्या बाहेरून आणल्या, वाढायला मी आणि दोन मित्र, आणि आई पहिल्या पंगतीला काकींच्या शेजारी. थोडे पैसे जास्त गेले. फुग्यांची कमान नाही घेतली, हिशोब बसला.

त्या दिवशी काका मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. ती त्यांच्या शर्टाचं बटण ओढत होती. जाताना मी सोडायला दारापर्यंत गेलो, चार पावलंच ती. काका म्हणाले, "आता जा आत, पाहुणे आहेत." म्हटलं, "तुम्ही पण पाहुणेच की."

"आम्ही कसले पाहुणे," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

तर मंडळी, पुढच्या कार्यक्रमाची यादी कराल तेव्हा प्रत्येक नावापुढे एवढंच लिहा, याला निरोप कसा कळेल, आणि हा घरी कसा जाईल. बाकी केक कुठलाही चालतो.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, तुमच्या घरच्या कार्यक्रमाची गंमत मला कळवा. व्हॉइस नोटच पाठवा!