घाण्याचा धनी, टाळाचा मानकरी
(मंदिर जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



जामनेर तालुक्यातील लहानथोरांनी हातभार लावून हे कार्य तडीस नेले, याबद्दल आपणा सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन. देणगीदारांची नावे या स्मरणिकेत छापली जातील आणि ती छापलीच पाहिजेत. परंतु देऊळ नुसत्या दगड-चुन्यावर जागते राहत नाही. दिवसभराचा धंदा आटोपून जो प्रपंची माणूस रात्री टाळ घेऊन येतो, तो देऊळ जागते ठेवतो. अशाच एका माणसाचे स्मरण आज करावयाचे आहे. ते म्हणजे संताजी महाराज जगनाडे.

संताजी चाकणचे तेली. जन्म इ. स. १६२४ चा सांगतात. घाण्याचे कष्ट आपल्यातील जुन्या मंडळींना सांगावयास नकोत. उखळात तीळ, करडई घालावी, बैलाच्या डोळ्यांना झापड बांधावी, लाट फिरत राहावी, आणि तेल निघून पेंड वेगळी होईतो जागचे हलू नये. मग तेल मापून विकावे. घरी पत्नी यमुनाबाई, मुलेबाळे. असा हा चारचौघांसारखा संसार.

तुकोबांचे कीर्तन ऐकले आणि संताजींना त्याची गोडी लागली. तुकोबा त्यांच्याहून सुमारे सोळा वर्षांनी वडील, जन्माने दुकानदाराच्या घरचे. देहूचे मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी दुरुस्त करविले. आरंभी ते इतरांच्या मागे उभे राहून ध्रुपद म्हणत, हे त्यांनीच आपल्या अभंगात सांगून ठेवले आहे. म्हणजे त्या थोर वाणीची सुरुवातही जीर्णोद्धारातून आणि टाळकऱ्यांच्या रांगेतून झाली! संसार सांभाळूनच परमार्थ करावा, असे तुकोबांनी संताजींना सांगितल्याची कथा आहे. संताजींनी घाणाही सोडला नाही आणि टाळही सोडला नाही. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

टाळकरी पुढे उभा राहत नाही. लोकांच्या नजरा कीर्तनकारावर असतात. पण ताल टाळकरी सांभाळतो. संताजींनी याहूनही मोठे काम केले. तुकोबांच्या मुखातून निघालेले अभंग त्यांनी वहीत उतरवून ठेवले. गंगाराम मवाळ यांनीही तेच कार्य केले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्याची कथा आपण सर्व जाणतो. वही बुडू शकते, हे त्या काळच्या माणसांनी पाहिले होते. इ. स. १६५० मध्ये तुकोबांचे प्रयाण झाले. त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी, १९१९-२० मध्ये, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी संताजींच्या वहीवरून अस्सल गाथा छापली. तेल्याच्या घरात जपलेली वही महाराष्ट्राच्या उपयोगी पडली. संताजींची समाधी सुदुंबरे येथे आहे. २००९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आपल्या खानदेशातही असेच घडले आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. घरोटा फिरवताना, शेतात राबताना त्या ओव्या रचीत. चिरंजीव सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी त्या टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली. कोणी टिपलेच नसते, तर ते सारे धन त्यांच्याबरोबरच गेले असते.

म्हणून मंडळी, माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या भजनी मंडळातही सुतार, शिंपी, तेली, दुकानदार, शेतकरी होऊन गेले. कोणी पखवाज वाजविला, कोणी पेटी धरली, कोणी जन्मभर फक्त टाळ धरला. त्यांच्या वह्या आज कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या ट्रंकेत पडल्या असतील. त्या वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नका. देवळात एक कपाट करा आणि त्या वह्यांच्या नकला तेथे ठेवा. घरातील म्हाताऱ्यांना ज्या चाली येतात, त्या पोरांना शिकवून घ्या. यास फार पैसा लागत नाही. संध्याकाळचा एक तास पुरे.

नव्या शिखराला आपण कळस चढविला. आता रोज रात्री टाळ वाजला, म्हणजे खरा जीर्णोद्धार झाला असे मी समजेन.

रामकृष्णहरी.