गोडाची पारख



पंगतीत जिलबीला नको म्हणणारा माणूस एक तर मधुमेही असावा, नाही तर रुसलेला जावई, अशी आपली समजूत असते. आज आम्ही बोलणार आहोत ते तिसऱ्याच माणसाविषयी. त्याला जन्मतःच फलशर्करा, म्हणजे फ्रुक्टोज, सोसत नाही. फळे आणि साखर खाल्ली की जिला ओकारी होई अशा एका तरुणीची हकीकत चेंबर्स आणि प्रॅट या डॉक्टरांनी १९५६ साली इंग्लंडात प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी झ्यूरिकच्या फ्रोएश यांनी ही विकृती घराण्यातून येते असे दाखवले.

या माणसांच्या यकृतात ‘आल्डोलेज बी’ हे विकर नीट काम करीत नाही. फलशर्करेची मोडतोड अर्ध्यावर अडते, अर्धवट उरलेला पदार्थ फॉस्फेट अडकवून बसतो, आणि यकृताला रक्तात साखर सोडता येत नाही. म्हणजे गोड खाऊन रक्तातली साखर उतरते! घाम, कंप, ओकारी; लहान मुलाला झटकेही येतात. खाणे तसेच चालू राहिले तर यकृत आणि मूत्रपिंडे जातात.

अंगावर पिणारे मूल ठणठणीत असते, कारण आईच्या दुधातल्या शर्करेत फलशर्करा नाही. उष्टावणानंतर दुखणे सुरू होते. मग घरातली वडील मंडळी म्हणतात, साखर बाधली, गूळ द्या. गूळ बाधला, मध चाटवा. (वर्षाच्या आतल्या मुलाला मध कोणीच चाटवू नये, ही गोष्ट निराळी.) साखरेच्या प्रत्येक कणात निम्मी फलशर्करा असते, गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, आणि मधात तर फलशर्करा सुटीच असते. खजूर, मनुका, अंजीर यांचीही तीच कथा. हल्ली ‘नैसर्गिक गोडी’ म्हणून विकतात त्यातले बरेचसे या माणसाला विषासमान.

मग चालते काय? द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज. नावावर मात्र जाऊ नये. द्राक्षात फलशर्कराही तितकीच असते. ग्लुकोजची भुकटी साधी घ्यावी, साखर मिसळलेली नको. ती साखरेहून कमी गोड लागते. दुग्धशर्करा चालते. सॅकरिन, अस्पार्टेम चालतात. अस्पार्टेम उकळत्या चहात नव्हे, उतरवल्यावर घालावे.

खरा दगा आहे तो सॉर्बिटॉलचा. डब्यावर ‘शुगर-फ्री’ लिहिलेले असते, मधुमेह्याला ते पुरते. पण सॉर्बिटॉलची शरीरात फलशर्कराच होते. माल्टिटॉलही नको. खोकल्याच्या पातळ औषधात बहुधा एक तर साखर असते, नाही तर सॉर्बिटॉल. फलशर्करा किंवा सॉर्बिटॉल शिरेतून दिल्याने अशी माणसे दगावलेली आहेत. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी हे डॉक्टरांना आवर्जून सांगितलेच पाहिजे.

आतड्यात फलशर्करा नीट शोषली न जाऊन पोट फुगते, तो विकार वेगळा. त्यात थोडे फळ पचूनही जाते; इथे ती सवलत नाही.

आमच्या माहितीतले असे एक मूल होते. गोड पुढे आले की तोंड फिरवी. दातही एकूण एक शाबूत. हट्टी म्हणून त्याने दोन वर्षे मार खाल्ला, शिरा कोंबून घेतला. निदान झाल्यावर आईने घरी खवा आटवून त्यात ग्लुकोज आणि वेलदोडा घालून पेढे केले. मुलाने आधी वास घेतला, मग आईने खाल्लेला पाहिला, आणि तिसऱ्या दिवशी एक उचलला. मुंजीत त्या पेढ्यांचा डबा देवघरात कुलुपात ठेवावा लागला, कारण दिसायला ते बाजारच्या पेढ्यांसारखेच होते.