तेल चाखून घ्यावें



इटली, स्पेन या देशांत, आणि अलीकडे अमेरिकेंतील शहरांतहि, कांहीं दुकानें अशीं असतात कीं तेथें गिऱ्हाईक आलें म्हणजे दुकानदार भाव सांगण्यापूर्वीं त्याच्यापुढें एक लहानसा पेला ठेवतो. पेल्यांत घोटभर ऑलिव्हचें, म्हणजे जैतुनाचें, तेल असतें. गिऱ्हाइकानें तो पेला तळहाताच्या उबेंत धरावा, वर दुसरा हात झांकावा, मग वास घ्यावा आणि तेलाबरोबर थोडी हवा तोंडांत ओढीत तें जिभेवर घोळवावें, अशी तेथील रीत आहे. जे नेमलेले परीक्षक असतात त्यांचा पेला निळ्या कांचेचा असतो. तेलाचा रंग पाहून मन आधींच भुलूं नये हा त्यांतील हेतु. तेल २८ अंश उष्णतेवर आणून चाखतात. फळाचा वास, कडवटपणा आणि घशाशीं झोंबणारा तिखटपणा हे तीन गुण मानले जातात; खवटपणा हा दोष. चांगल्या ताज्या तेलानें घशांत ठसका कां लागतो, याचें कारण २००५ मध्यें शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें. त्या तेलांतील एक द्रव्य घशाला वेदनाशामक औषधासारखेंच झोंबतें, असें त्यांना आढळून आलें.

दिग्रसच्या माणसानें जैतुनाच्या गोष्टी कशाला सांगाव्या, असें आपणांपैकीं कोणास वाटेल. आमच्या भागांत जैतून पिकत नाहीं. परंतु त्या दुकानांचें वर्णन मीं प्रथम वाचलें तेव्हां मला नवल वाटलें नाहीं. उलट आमच्या गल्लीच्या टोंकाचा घाणा आठवला.

लांकडी उखळ, त्यांत कलती फिरणारी लाट, आणि डोळ्यांवर झापड बांधलेला बैल. भर दुपारींहि तेथें अंधार असे आणि तिळाचा गोडसर वास अंगणापर्यंत येई. मला तेल आणावयास धाडतांना आई हटकून सांगे, "बापू, चाखून पाह्यजो, मंगच घेजो." तेलीबुवा न मागतां माझ्या तळहातावर थेंब टाकीत. तिळाचें तेल गोड लागे आणि शेवटीं किंचित् कडू, करडईचें हलकें, भुईमुगाचें जिभेवर रेंगाळणारें. जवसाचें तेल मात्र उग्र. वऱ्हाडांत तें पूर्वीं पुष्कळ घरीं खात असत, पण लहान पोराच्या जिभेला तें शिक्षाच वाटे.

एके दिवशीं धावंडा नदीवर सवंगडी खोळंबले होते, म्हणून मीं न चाखतांच जवसाचें तेल आणलें. आमच्याकडे झुणक्यावर कच्चें तेल घेण्याची चाल. पहिल्या घासालाच वडिलांनीं पान बाजूला सारलें. "जीभ घरी ठेवून गेलता का रे?" एवढेंच आई म्हणाली आणि तिनें तीच कासंडी माझ्या हातीं देऊन मला परत पाठविलें. तेलीबुवांनीं कासंडींतलें तेल बोटावर घेतलें, चाखलें, आणि कांहीं एक न बोलतां तें दिव्याच्या तेलाच्या डब्यांत ओतून दुसरें मोजून दिलें. ज्या थेंबानें आमचें जेवण बिघडलें तोच थेंब त्यांनीं माझ्यादेखत आपल्या जिभेवर ठेवला होता. वादाला जागाच उरली नाहीं.

जवसाचें तेल लवकर खवटतें याला कारण आहे. त्याचा जवळजवळ निम्मा भाग हवेशीं झपाट्यानें संयोग पावणाऱ्या एका अम्लाचा असतो. याच गुणामुळें चित्रकाराच्या रंगांत तें घालतात. रंग वाळून घट्ट होतो. जें चित्राला उपकारक तें जेवणाला बाधक! म्हणून जाणत्या बायका तें आठवड्यापुरतेंच आणीत.

पुढें घाणे बंद पडत गेले आणि डबे आले. कारखान्यांत तेल दाहक क्षारानें धुतात, विशिष्ट मातींतून काढून त्याचा रंग उडवितात, आणि शेवटीं निर्वात पात्रांत दोनशें अंशांच्या वर तापवून वाफेनें त्याचा वास घालवितात. यांत लबाडी आहे असें मी म्हणणार नाहीं. आमचें दिग्रस कपाशीच्या मुलखांतलें. सरकीच्या कच्च्या तेलांत गॉसिपॉल नांवाचें विषारी द्रव्य असतें, आणि शुद्ध केल्यावांचून तें तेल खाण्याजोगें होत नाहीं. आमच्याच शेतांतल्या पिकाचें तेल आम्हांला घाण्यावर चाखतां आलें नसतें, ही मौज आहे. परंतु वास आणि चव दोन्हीं गेल्यावर उत्तम बियाणें आणि हलकें बियाणें यांचें तेल जिभेला सारखेंच. मग गिऱ्हाइकानें पारखावें काय? डब्यावरचें चित्र!

ही हानि आमच्या विदर्भांतच कोणी तरी वेळीं ओळखली होती. वर्ध्यास १९३४ मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडींत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालीं जे उद्योग चालले त्यांत तेलघाणी हा प्रमुख होता. झवेरभाई पटेल यांनीं तेथें घाण्याची रचना सुधारली. त्यांच्या खटपटीनें घाणे टिकले असें नाहीं. पण आज वीजेवर फिरणारे लांकडी घाणे पुन्हां ठिकठिकाणीं दिसूं लागले आहेत, आणि तेथें गिऱ्हाईक उभें राहून तेल निघतांना पाहतें, थेंब मागतें, हें मला जैतुनाच्या पेल्याचेंच भावंड वाटतें. भाव डब्याहून बराच चढा असतो. केवळ हौशीखातर इतकीं माणसें तो देत असतील असें मला वाटत नाहीं. आपल्याला पुन्हां विचारलें जात आहे, याचें तें सुख असावें.

मात्र जिभेवर सर्वच भार टाकूं नये. दिल्लींत १९९८ मध्यें मोहरीच्या तेलांत पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचें तेल मिसळलेलें निघालें आणि साठांहून अधिक माणसें दगावलीं. तें विष जिभेनें ओळखलें नाहीं. बुरशी धरलेल्या शेंगदाण्याचें विषहि चवीवरून कळत नाहीं. २०११ च्या अन्नसुरक्षेच्या नियमांनीं सुटें खाद्यतेल विकण्यास मनाई केली ती अशाच अनुभवांमुळें. राज्यशासनाला सूट देण्याची मुभा त्यांत आहे. घरून कासंडी नेण्याचे दिवस त्यामुळें संपले, याचें मला वाईट वाटतें, आणि नियम चुकीचा आहे असेंहि म्हणवत नाहीं. घाणेवाल्यानें बाटली मोहोरबंद द्यावी, दाणा निवडलेला व वाळलेला आहे कीं नाहीं तें दाखवावें, आणि एक बाटली चाखण्यासाठीं उघडी ठेवावी. एवढें त्याच्या हातचें आहे.

गेल्या महिन्यांत नातीला घेऊन मी अशा एका घाण्यावर गेलों होतों. तिळाचें तेल तिनें दोनदां मागून घेतलें. मग घाणेवाल्यानें जवसाचा थेंब तिच्या तळहातावर टाकला. तिनें चाखलें, तोंड वांकडें केलें, आणि मला म्हणाली, "आबा, हें खराब झालंय." मीं चाखलें. तेल अगदीं ताजें होतें. तिला तसें सांगितलें, तेव्हां तिनें पुन्हां हात पुढें केला.